कमळाकरची फियाट मागे येत नाही

टेम्पोवाल्याचा ओठ फाटला तेव्हा दिशा वरच्या खिडकीत बसून जुईला दहीभात भरवत होती.

खाली मागच्या गल्लीत दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या होत्या. एक टाइल्सनं भरलेला टेम्पो आणि दुसरी दिशाच्या सासऱ्यांची, कमळाकरांची, जुनी काळी फियाट. टेम्पोवाला बाहेरचा होता. बोनकोडे गावातली रीत त्याला कुणी सांगितली नव्हती. तो आपला हसत म्हणाला, "काका, माझ्यात लोड आहे. तुम्हीच दोन हात मागे घ्या ना. घर तर मागेच आहे तुमचं."

कमळाकर शांतपणे उतरले. सीटखालून त्यांनी हँडल काढलं. जुन्या गाड्या पुढून फिरवून सुरू करतात ते लोखंडी, काटकोनात वाकलेलं हँडल. एक शब्द न बोलता त्यांनी ते टेम्पोवाल्याच्या तोंडावर मारलं. त्याचं हसू तसंच राहिलं आणि त्या हसण्यातून रक्त आलं. दुसरा वार खांद्यावर बसला. मग तो माणूस तोंड धरून टेम्पोत चढला आणि एका हातानं स्टिअरिंग वळवत, दोन्ही भिंतींना घासत, भरलेला टेम्पो मागे मागे नेत गल्लीबाहेर गेला.

दिशानं जुईच्या डोळ्यांवर हात ठेवला होता. हात दह्यानं बरबटलेला, बोटं फाकलेली. साडेतीन वर्षांची पोर फटीतून सगळं बघत होती.

"आजोबा जिंकले?" जुईनं विचारलं.

"खा," दिशा म्हणाली. घास तोंडाशी नेताना भात पोरीच्या फ्रॉकवर सांडला.

कमळाकरची फियाट मागे येत नाही, हे वाक्य गावात म्हणीसारखं चालायचं. कुणी हट्टाला पेटला की म्हणायचे, 'हा काय कमळाकरची फियाट हाय का?' त्यामागचं कारण गाडीच्या मीटरमध्ये होतं. मीटर पाच आकडी. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की पुढे सगळी शून्यं. अशी शून्यं त्या गाडीनं नऊ वेळा पाहिली होती. दरवेळी कमळाकर घरच्यांना घेऊन कार्ल्याला एकवीरेच्या पायथ्याशी जात, चाकाखाली नारळ फोडत, देवीला कोंबडा देत. आता दहावा फेरा संपत आला होता. दहा लाख किलोमीटर. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून सासूबाईंच्या मासळीच्या पाट्या आणण्यात, गावच्या नवऱ्या मुली सासरी पोचवण्यात, बाळंतिणी आणि म्हातारे दवाखान्यात नेण्यात ते झाले होते. इंजिन तीनदा बांधलं, पत्रा कितीदा बदलला. मीटर मात्र तोच.

पण नऊ वेळा शून्य झालं याला पुरावा काय? मीटरवर तर पाचच आकडे दिसतात. पुरावा होता कमळाकरांचा शब्द. आणि शब्दाला धार यावी म्हणून त्यांनी एक नेम धरला होता. या जुन्या मीटरची खोड अशी की गाडी मागे नेली की आकडा उतरतो. "मागं घेतली का चाललेला रस्ता पुसतं," ते म्हणत. "मी माझा रस्ता पुसनार नाय." म्हणून ते गाडी मागे घेतच नसत. उभी करायचे ती अशा जागी, जिथून पुढेच निघता येईल. घर बांधलं तेव्हा तळमजल्यातून आरपार वाट ठेवली. पुढच्या गल्लीतून गाडी आत शिरायची आणि मागच्या गल्लीतून बाहेर पडायची. त्या वाटेला घरात सगळे बोगदा म्हणत. अरुंद इतका, की आत गाडीचं डावीकडचं दार भिंतीला टेकायचं आणि उजवीकडून जेमतेम एक माणूस आडवा होऊन सरकायचा.

दिशा कामोठ्याची. वडील साताऱ्याकडून येऊन तिथे वसलेले, ती स्वतः एम.कॉम. लग्न ठरलं तेव्हा हा गाडीचा किस्सा तिला फार आवडला होता. मैत्रिणींना सांगितलाही होता तिनं, कौतुकानं. मग लग्नानंतर एकदा दीपेशच्या उजव्या हाताची दोन वाकडी बोटं हातात घेऊन तिनं विचारलं, "क्रिकेट?"

"गाडीचं दार," दीपेश म्हणाला. "लहानपणी खेळता खेळता गियर काढला. गाडी वीतभर मागे आली. बाबांनी हात दारात धरायला लावला नि दार लावलं." आणि लगेच, जणू तिनं काही विचारलं होतं, म्हणाला, "पण औषधपाणी पण त्यांनीच केलं हां. रात्रभर मांडीवर घेऊन बसलेले."

तेव्हा तिनं विषय सोडून दिला. जुईच्या वेळी मात्र त्या हट्टाची किंमत तिला कळली. कळा सुरू झाल्या, फियाटच्या मागच्या सीटवर तिला निजवलं आणि गल्लीच्या तोंडाशी समोरून कुणाची तरी जीप आली. कमळाकर मागे जाईनात, जीपवाला हटेना. बाहेर पुरुषांची शिवीगाळ, कॉलर धरणं, बॉनेटवर आपटलेलं कुणाचं तरी डोकं. आणि आत दिशा सीटचं रेक्झिन दातांत धरून पडलेली. सासूबाई, जमुना, तिच्या कपाळावरचा घाम पुसत होत्या आणि म्हणत होत्या, "होईल गो बाय, आता सरकंल त्यो." शेवटी तोच सरकला. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. दिशा मात्र ते रोज पुरं करायची.

तेव्हापासून तिला पाळत ठेवायची सवयच लागली. जुई कुठे आहे, कमळाकर कुठे आहेत, हँडल कुठे आहे. आणि तरी जे व्हायचं ते झालंच. गेल्या महिन्यात बालवाडीच्या बाईंनी बोलावून घेतलं. घसरगुंडीच्या शिडीवर जुई वर चढत होती, वरचा एक मुलगा घाबरून खाली उतरू बघत होता. जुई बाजूला झाली नाही. "मी मागं नाय जानार," म्हणाली आणि त्याचा पाय ओढला. त्याच्या हनुवटीला खोक पडली. बाई म्हणाल्या, "रडली पण नाही हो ती. उभी राहून बघत होती."

घरी आल्यावर कमळाकरांना हे कळलं. त्यांनी पोरीला उचलून हवेत फेकलं आणि झेललं. "माजी डायवर गो ती!"

त्या दिवशी दिशानं पहिल्यांदा दीपेशला सांगितलं, "आपण वेगळं राहू. उलव्यात बघू, कुठेही बघू. ही पोर इथे वाढायला नको."

"दहा लाख होऊ दे," दीपेश म्हणाला. "मग बोलतो बाबांशी."

टेम्पोतल्या टाइल्स सयाजीच्या होत्या. सयाजी म्हणजे कमळाकरांच्या चुलतभावाचा मुलगा. मागच्या बाजूला त्याची जागा, तिथे त्याची चार मजली इमारत उठत होती. टेम्पोवाल्याच्या ओठाला टाके पडल्याचं कळलं तसा तो संध्याकाळी दोन माणसं घेऊन आला आणि बोगद्याच्या तोंडाशी उभा राहिला. सोन्याची चेन, पायात चप्पल नाही, डोळे लाल.

"काका, माझ्या मानसावर हात टाकला तुमी."

"मंग? तुज्यावं टाकू का?"

"ती मागची वाट माझ्या जागेतनं जाते. बापसानं तुमाला तोंडी दिल्याली. आज मी तोंडी काढून घेतो."

"बापूस मेल्यावं बोलतंस? त्याच्यासमोर बोलाची हिंमत नव्हती ती?" कमळाकर हसले. "जा. घरी जाऊन बायकोच्या पदरात तोंड घाल."

सयाजीनं त्यांच्या छातीवर हात ठेवून ढकललं. पुढचं इतकं पटकन झालं की जिन्यात उभ्या दिशाला फक्त आवाज आले. थप्पड, कापड फाटल्याचा आवाज, मग दीपेशचा "दादा, सोड, दादा!" आणि सयाजीच्या दोन माणसांनी दीपेशला भिंतीवर आपटल्याचा दबका धप्प. नाकातून रक्त ओघळत दीपेश खाली बसला. कमळाकरांनी हँडल फिरवलं ते सयाजीच्या कानामागे लागलं. जमुनाबाई मध्ये पडल्या, हातातला कोयता पायाशी टाकून ओरडल्या, "मारा आता मना! कोन मारतं तो मारा!" तेव्हा कुठे थांबलं.

सयाजी कान दाबून जाताना म्हणाला, "गाडी आत हाय ना? राहू दे आत. आता तिला मागंच घ्यावी लागंल, काका. अख्खा गाव बघंल."

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच त्याचे गवंडी आले. बोगद्याच्या मागच्या तोंडाला, अगदी हातभर अंतरावर, विटांची भिंत चढू लागली. त्याच्याच जागेत होती. बोलायची सोय नव्हती. दुपारपर्यंत कमरेइतकी, दिवेलागणीला डोक्याच्या वर. कमळाकर खुर्ची टाकून बोगद्यात बसले आणि एकेक वीट बसताना बघत राहिले. फियाट आत होती, तोंड भिंतीकडे. पुढची गल्ली गाडीच्या पाठीमागे मोकळी. दहा-बारा पावलं मागे घेतली की झालं, बाहेर.

मीटरवर फक्त कार्ल्यापर्यंतचा रस्ता उरला होता. तो त्यांनी जपून ठेवला होता. महिनाभर गाडी गल्लीबाहेर उगाच काढली नव्हती. टेम्पोच्या दिवशीही ती फक्त तेलपाणी बघायला निघाली होती. रविवारी सगळ्यांनी मिळून निघायचं, पायथ्याशी शून्यं बघायची, असं ठरलं होतं. जुन्या गाड्यांच्या मंडळाची माणसंही तिथे हार घेऊन येणार होती.

रात्री जेवताना दीपेशनं धीर केला. नाकावर सूज, आवाज दबलेला. "बाबा, एक सांगू? मीटरची केबल काढू. खाली हात घातला की निघते. गाडी पुढच्या गल्लीत घेऊ, केबल परत लावू. आकडा हलणार नाही. मीटरला कळणार पण नाही."

कमळाकरांनी घास खाली ठेवला.

"मीटरला नाय कलनार," ते म्हणाले. "मना कलंल."

क्षणभर दिशाला त्यांच्याबद्दल आदर वाटला. खरोखर वाटला. आणि त्याच क्षणी त्यांनी समोरचं पितळी ताट उचलून दीपेशच्या तोंडावर मारलं, सुजलेल्या नाकावरच. कालवण भिंतीवर उडालं. "चोर! चोर जन्माला घातला मी!" दीपेश हात वर करून बसून राहिला, उठला नाही, सरकला नाही, आणि दोन वार पडेपर्यंत "बाबा, चुकलं" म्हणत राहिला. पस्तिशीचा पुरुष, बँकेत साहेब. जुई दिशाच्या मांडीवर होती. दिशानं तिचं तोंड आपल्या छातीत दाबलं. पोर मान सोडवून घ्यायला धडपडत होती, तिला बघायचं होतं.

"उद्या मी जुईला घेऊन कामोठ्याला जाते," खोलीत आल्यावर ती म्हणाली. "तुला यायचं तर ये."

"रविवारपर्यंत थांब. प्लीज. लोक काय म्हणतील?"

ती थांबली. पुढे कितीतरी दिवस तिला सलत राहिलं ते हेच, की ती थांबली.

शनिवारी सकाळी ती मोरीत कपडे भिजवत होती. खालून फियाट सुरू झाल्याचा आवाज आला. इंजिनाचा आवाज बोगद्यात घुमून वरच्या लादीतून तळपायांना लागायचा. तिनं नळ बंद केला. समोरच्या खोलीत टीव्हीवर कार्टून चालू होतं. टीव्हीसमोर कुणी नव्हतं.

"आई, जुई कुठंय?"

जमुनाबाई ओट्याशी बोंबील साफ करत होत्या. "आताच खाली गेली आजासंगं. नारल फोडतान, बघतं म्हनाली."

"कसला नारळ?"

जमुनाबाईंच्या हातातला बोंबील सुटला. दोघींना एकदमच कळलं. भिंत कालची. सिमेंट ओलं.

दिशा जिना कसा उतरली ते तिचं तिला कळलं नाही. खाली आली तेव्हा फियाट बोगद्यात पुढच्या गल्लीकडच्या टोकाशी होती. परवा आत घेतली तशीच, भिंतीपासून दूर. बॉनेटवर झेंडूचा हार. कमळाकर स्टिअरिंगवर, आणि शेजारी, लांब सरळ सीटवर, जुई उभी. दोन्ही हात डॅशबोर्डच्या पत्र्यावर टेकवून.

"बाबा! पोरीला उतरवा!"

"ये गो, तू पन बस," कमळाकर खिडकीतून म्हणाले. त्यांचा चेहरा उजळलेला होता, लग्नाला निघाल्यासारखा. "एक धक्का. ओली हाय. पत्त्यासारखी पडंल."

"बाबा, ती उभी आहे!"

"डायवर हाय ती."

आणि त्यांनी क्लच सोडला.

आदळल्याचा आवाज फार मोठा नव्हता. एखादं कपाट पडावं तसा. भिंत पडली नाही. मध्ये पोट काढून फुगली, वरच्या विटांची रांग गाडीकडे झुकली आणि तशीच लोंबकळत राहिली. काही विटा बॉनेटवर कोसळल्या, पुढची काच पांढरी होऊन आत ओघळली. जुई दिसेनाशी झाली.

दिशा गाडी आणि बोगद्याची भिंत यांच्यामधून आडवी होऊन धावली. कोपर सोलपटलं, गाउन दाराच्या मुठीत अडकून फाटला. खिडकीशी पोचली. जुई सीटखाली, डॅशबोर्डच्या पत्र्याखालच्या पोकळीत पडली होती. कपाळापासून भुवईपर्यंत उघडं. रक्त डोळ्यात गेल्यामुळे ती एकच डोळा उघडून वर बघत होती. रडत नव्हती.

कमळाकरांची छाती स्टिअरिंगवर आपटली होती. त्यांना धड श्वास घेता येत नव्हता. पण पाय दाबलेलाच होता. मागे घेऊन पुन्हा धक्का मारता येत नव्हता, मागे तर यायचंच नव्हतं. म्हणून ते तिथूनच रेटत होते. मागची चाकं जागच्या जागी फिरत होती, रबर जळत होतं, काळा धूर बोगद्यात कोंडत होता. प्रत्येक रेट्यानं भिंत थरथरायची आणि वरची झुकलेली रांग आणखी बोटभर खाली यायची. पलीकडून सयाजी ओरडत होता, "काका, बंद करा! वरचा भाग तुमच्याकडंच येतोय! काका!"

"दीपेश!" दिशा किंचाळली.

दीपेश तिच्या मागोमाग आला होता. दाराशी त्यानं तिला बाजूला सारलं, खिडकीतून हात आत घातला. गियरची दांडी स्टिअरिंगखालीच होती, वीतभरावर. बोगद्याची लादी पुढच्या गल्लीकडे उतरती, पाणी निघून जावं म्हणून. दांडी नुसती गियरमधून सुटली असती तरी गाडी आपोआप मागे घरंगळली असती. त्याला हे दिशापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्याची ती दोन वाकडी बोटं दांडीला लागली.

आणि तो थांबला.

"बाबा," तो म्हणाला. "बाबा, घेऊ का मागं?"

विचारलं त्यानं. वर ती रांग लोंबकळत होती, खाली त्याची पोर रक्तात पडली होती, आणि तो परवानगी मागत होता.

कमळाकरांनी दांडीवर आपली मूठ आवळली. श्वास नसलेल्या आवाजात म्हणाले, "हात लाव. लावून बग."

दीपेशचा हात बाहेर आला.

परवाच्या मारामारीनंतर हँडल सीटखाली गेलंच नव्हतं, बोगद्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं. दिशाला ते बघावं लागलं नाही. ते कुठे असतं यावर तिची पाळत होतीच. तिनं ते काढलं. जड होतं, तिला वाटलं होतं त्याहून जड. दीपेशला खांद्यानं ढकलून तिनं ते खिडकीतून आत घातलं आणि सासऱ्यांच्या मनगटावर मारलं. जागा कमी होती, वार अर्धाच बसला. कमळाकरांनी तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, चक्क आश्चर्यानं.

"सुनबाय?"

मूठ सुटली नव्हती. तिनं दुसऱ्यांदा मारलं, आधीपेक्षा जोरात, दात आवळून, अंगातलं सगळं बळ लावून. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. मूठ उघडली. तिनं दांडी धरून खाली ओढली.

इंजिन रिकामं किंचाळलं. आणि फियाट मागे निघाली. आधी सावकाश, मग उतारानं वेग घेत. दीपेश आणि ती बोगद्याच्या भिंतीला चिकटली. आरसा दिशाच्या पोटाला घासत गेला. गाडीचं नाक भिंतीपासून सुटलं आणि भिंतीचा आधारच गेला. वरची रांग, मग मधलं पोट, मग सगळीच भिंत आत कोसळली, जिथे क्षणापूर्वी बॉनेट होतं, काच होती, पोर होती. धुळीनं बोगदा भरला. पलीकडचा उजेड एकदम आत आला, आणि त्या उजेडात सयाजी दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा दिसला.

फियाट पुढच्या गल्लीत निघून समोरच्या ओट्याला मागून धडकली आणि बंद पडली. दिशा विटांवरून, धुळीतून धावत तिथे गेली. गल्लीत आता डावं दार उघडत होतं. तिनं जुईला बाहेर ओढलं. जमुनाबाईंनी पदर फाडून पोरीच्या कपाळावर दाबला. त्या नवऱ्याकडे वळूनही बघत नव्हत्या.

कोपरखैरण्याच्या दवाखान्यात जुईला टाके घालताना चौघांना धरावं लागलं. तेव्हा मात्र ती रडली, हातपाय झाडत, नर्सला शिव्या देत. त्या शिव्या ऐकून डॉक्टर चमकले. शेजारच्या पडद्याआड कमळाकर होते. छातीच्या दोन बरगड्या, आणि मनगट दोन जागी. त्यांचा आवाज पडद्यातून येत होता, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा.

"किती उतरला? दीपा, किती उतरला ते बगितलास?"

"नाय बघितला, बाबा."

"जा, बगून ये."

आणि दीपेश खरंच उठला. पडद्याबाहेर आला, दिशाला बघितलं आणि तिथेच खाली बसला. भिंतीला टेकून, तोंडावर हात ठेवून. त्याच्या बोटांवर अजून विटेची धूळ होती.

सयाजीनं पोलिसांना फोन केला होता. एक हवालदार आला, तरुण, घामेजलेला. त्यानं मनगटाचं काय झालं ते विचारलं.

"वीट पडली," दीपेश घाईनं म्हणाला. "भिंत पडली ना, त्यात—"

"मी मारलं," दिशा म्हणाली.

"दिशा."

"हँडलनं. दोनदा." तिचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "पहिल्यांदा लागलं नाही नीट."

हवालदारानं तिच्याकडे, मग तिच्या फाटक्या गाउनकडे, मग मांडीवरच्या पट्टी बांधलेल्या पोरीकडे बघितलं. "मॅडम, सासऱ्यांची तक्रार असेल तरच पुढचं," तो म्हणाला आणि पडद्याआड गेला. आत कमळाकर त्याला काय म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलं. "बायकांनी मारला, असा मी सांगू? वीट पडली, लिही. वीट."

दिशानं वडिलांना फोन केला. "पप्पा, जुईला घेऊन येते. काही विचारू नका आत्ता." मग ती उठली. दीपेश बसल्या जागेवरून म्हणाला, "मी येऊ?"

तिनं जुईला खांद्यावर घेतलं. किती साधा प्रश्न होता.

"ते तू ठरव," ती म्हणाली. "पण कुणाला विचारून नको ठरवूस. मलासुद्धा नाही."

तो उठला नाही. पडद्याआडून हाक आली, "दीपा!" त्याची मान तिकडे वळली. दिशा पुढे चालू लागली. दारात तिनं मागे बघितलं नाही, पण पावलांचा आवाज येतो का ते ऐकत राहिली, रस्त्यापर्यंत.

रिक्षा सायन-पनवेल रस्त्याला लागली. जुई मांडीवर आडवी झाली होती, सुजलेला डोळा मिटलेला, दुसरा उघडा.

"आई, तू आजोबाला मारलंस."

"हो."

"मग ते मागं गेले."

एखादं खेळणं कसं चालतं ते कळल्यावर मुलं बोलतात, तशा समाधानानं ती बोलली. दिशानं तिच्या कपाळावरच्या पट्टीची कड नीट केली. चुकलं म्हणावं? मग पोरीला त्या पोकळीत राहू द्यायला हवं होतं का? बरोबर केलं म्हणावं? मग उद्या शिडीवर कुणाचा पाय, कुणाचं मनगट? इतकी वर्षं ती त्या घराचा हात पोरीपर्यंत पोचू नये म्हणून जागत होती, आणि पोरीनं अगदी जवळून बघितला तो हात आईचाच होता.

"बाळा, इकडे बघ," ती म्हणाली. "आईला तेव्हा खूप भीती वाटत होती. दुसरं काही सुचलंच नाही आईला. समजलं?"

जुईनं विचार केला. उघडा डोळा रिक्षाच्या छताकडे.

"मला सुचलेलं," ती म्हणाली.

"काय सुचलेलं?"

"मी आजोबाला चावनार होती. पायाला. पन माझं तोंड तितवर पोचलंच नाय."

रिक्षावाला आरशात बघून हसला. दिशालाही हसू फुटलं, मोठं, आवरेना असं, आणि हसता हसताच तिनं पोरीला इतकं घट्ट धरलं की जुई ओरडली, "आई, दुखतंय, सोड!"

तिनं लगेच सोडलं. मग कामोठं येईपर्यंत ती आपले हात मांडीखाली दाबून बसून राहिली.